गिरकी कोणी घ्यावी, कोणी नाही

जळकोटहून एका वाचकाचे पत्र आले. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट वेगळे. हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग ओलांडले की लागते ते. पत्र लिहिणारे गृहस्थ गवंडीकाम करतात. अक्षर सुवाच्य, मजकूर दोन पाने. घरगुती पानाच्या या सदराला पत्रे पुष्कळ येतात. सूनबाईची, शिक्षणाची, व्यसनाची. पण गोळाफेक आणि थाळीफेक यांवरून घरात अबोला धरला गेल्याचे पत्र आम्हांस प्रथमच आले.

हकिकत अशी. थोरला मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीचा गोळा तो उभ्याने सव्वाआठ मीटरपर्यंत टाकत होता. मग मोबाईलवर परदेशी फेकपटूंची गिरकी त्याच्या पाहण्यात आली आणि दोन महिने झाले, तोही गरगर फिरून गोळा टाकू लागला. परिणाम? गोळा सातावर आला आणि निम्म्या फेकी फाऊल. धाकटी मुलगी अकरावीत. ती थाळी फेकते, तालुक्याला दुसरी आली. तिला मात्र तीन वर्षांत कोणी गिरकी शिकवलीच नाही. शिकवणाऱ्यांनी सांगितले, "आधी उभ्याने नीट येऊ दे." उभ्याने नीट आले, पुढचे कोणी सांगितले नाही. वर आजी म्हणते, पोरीच्या जातीने मैदानात भिंगरीसारखं फिरणं बरं दिसत नाही. शेवटी त्या बापाने लिहिले आहे, "पोराची गिरकी सोडवू का आणि पोरीला शिकवू का? दोघांना मिळून एकच उत्तर द्या, म्हणजे घरात तंटा राहणार नाही."

एकच उत्तर आम्हांला देता येत नाही. दोन द्यावी लागतात, आणि ती नेमकी एकमेकांच्या उलट आहेत. पण पत्रात उत्तर लिहून पाठवण्यापेक्षा आमच्या परिचयाचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक सोबत घेऊन एका रविवारी आम्ही एस.टी.ने जळकोटला गेलो. पुढे जे लिहीत आहोत त्यातले पायांचे शास्त्र बरेचसे त्यांचे आहे.

आधी हे समजून घेऊ की गोळा लांब जातो कशाने. पुष्कळांना वाटते, दंडातल्या ताकदीने. ताकद लागतेच, परंतु गोळा हातातून सुटला की ताकदीचा त्याच्याशी संबंध संपला. सुटताना त्याचा वेग किती, तो कोणत्या कोनात सुटला आणि जमिनीपासून किती उंचीवर सुटला, एवढ्यावरच अंतर ठरते. तिघांत वेग सर्वांत भारी. हिशेब करून पाहा. दोन मीटर उंचीवरून, ३७ अंशांच्या कोनात, सेकंदाला ९ मीटर वेगाने सुटलेला गोळा साधारण १० मीटर जातो. तोच वेग १० मीटर झाला तर गोळा १२ मीटरला जवळजवळ टेकतो. वेग नवाचा दहा झाला, आणि अंतर दोन मीटरने वाढले. म्हणून जगभरचे फेकपटू गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे एकाच गोष्टीच्या मागे आहेत. सात फुटांच्या त्या वर्तुळात, बाहेर पाऊल न टाकता, गोळ्याला जास्तीत जास्त वेग कसा द्यावा?

१९५० च्या सुमारास अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने फेकीच्या दिशेला पाठ करून, एका पायावर मागे सरकत येऊन गोळा टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे पी.टी.चे सर अजून तिला ओब्रायन पद्धत म्हणतात, कोणी ग्लाईड म्हणतात. त्या पद्धतीने त्याने १९५२ आणि १९५६ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णे घेतली. नंतर थाळीवाल्यांची गिरकी गोळ्यात आणण्याचा प्रयत्न झाला. सोव्हिएत रशियाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने १९७६ साली गिरकी घेऊन २२ मीटरचा जागतिक विक्रम केला तेव्हा जगाने तिच्याकडे गांभीर्याने पाहिले. हीच आपल्या मैदानांवरची 'डिस्को पुट'.

पण नवी पद्धत आली आणि जुनी मेली असे झाले नाही. पूर्व जर्मनीच्या टिमरमनने १९८८ मध्ये सरकत येऊन २३.०६ मीटर टाकला. १९९० मध्ये अमेरिकेच्या बार्न्सने गिरकीने २३.१२ टाकला. (या बार्न्सवर पुढे उत्तेजक औषधांपायी बंदी आली, तेही सांगितले पाहिजे.) दोन पद्धतींत फरक किती, तर सहा सेंटिमीटर. तीस वर्षे तेवढाच राहिला. मग रायन क्राउझर आला. त्याने गिरकीनेच २०२१ मध्ये २३.३७ आणि २०२३ मध्ये २३.५६ मीटर टाकून हा वाद वरच्या पातळीवर जवळजवळ मिटवला. स्त्रियांतही आता गिरकीवाल्या पुढे आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या येमिसी ओगुनलेयेने बरोबर २० मीटर टाकून सुवर्ण घेतले ते गिरकीनेच.

जळकोटच्या मुलाने मोबाईलवर पाहिले ते हे लोक. त्यांचा फिरण्याचा वेग त्याने पाहिला. पाय कुठे पडतात ते त्याला दिसले नाही. ते कोणालाच सहज दिसत नाही.

उजव्या हाताने फेकणारा वर्तुळाच्या मागच्या कडेशी, फेकीच्या दिशेला पाठ करून उभा राहतो. गुडघे वाकलेले. अंगाचा भार डाव्या पायावर घ्यायचा आणि डाव्या चवड्यावर वळायला लागायचे. टाच टेकली की गिरकी संपली. उजवा पाय लांबून फिरवत आणायचा आणि वर्तुळाच्या मध्यावर, पुन्हा चवड्यावरच, टेकवायचा. इथे खरी परीक्षा आहे. टेकल्यावर थांबायचे नाही, त्या चवड्यावर फिरतच राहायचे. आणि तेवढ्यात डावा पाय झटकन पुढच्या कडेपाशी रोवायचा. त्या क्षणी कंबर पुढे वळलेली असते, खांदा आणि हात अजून मागेच असतात. धुणे पिळताना एक टोक एकीकडे, दुसरे दुसरीकडे वळते, तसे अंग पिळलेले हवे. मग डावी बाजू खांबासारखी ताठ करायची. खालचे अंग एकदम अडले की सगळा वेग वर, हाताकडे जातो आणि गोळा सुटतो. हे सगळे दोन सेकंदांच्या आत.

आता आमच्या भरतीवाल्या मुलाकडे वळू. घराशेजारच्या पडीक जागेत त्याने फक्कीने वर्तुळ आखले होते, खाली काळी माती. पायात नवे, खाचांचे जाड बूट. सरांनी त्याला पाच फेकी टाकायला लावल्या आणि स्वतः फक्त त्याच्या उजव्या पायाकडे पाहत राहिले. पाचही वेळा उजवा पाय मध्यावर टेकला आणि टाचेसकट बसला. म्हणजे गिरकीने जो काही वेग आला तो तिथेच मेला. तिथून पुढे त्याने टाकलेला गोळा म्हणजे उभ्याने टाकलेलाच गोळा. फक्त आता तोल गेलेला, मान फिरलेली, आणि गोळा मानेपासून सुटून लांब आलेला. ७.२६ किलोचे वजन फिरताना बाहेर ओढ घेते. ते मानेशी धरून ठेवण्याइतका पोराचा खांदा अजून तयार नाही. गोळा हनुवटी-मानेपासून खाली आला किंवा खांद्यामागे गेला तर ते नियमातही बसत नाही, आणि कोपर दुखावते ते वेगळेच. शिवाय काळ्या मातीत खाचांचा बूट रुततो. पाय जागीच राहतो आणि गुडघा फिरतो. "गुडघा गेला तर सोळाशे कोण धावणार?" सरांनी विचारले. पोरगा गप्प.

गेल्या काही पोलीस शिपाई भरत्यांत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळ्याला १५. साडेआठ मीटर गेला की गोळ्याचे पैकीच्या पैकी गुण. नवी जाहिरात निघेल तेव्हा आकडे पुन्हा तपासावेत. तूर्त हे धरून चालू. साडेआठाच्या पुढे नऊ टाका, चौदा टाका, गुण पंधराच. हा मुलगा उभ्याने सव्वाआठ टाकत होता. त्याला कमी पडत होते पाव मीटर. पाव मीटरसाठी गिरकी शिकणे म्हणजे शेजारच्या गल्लीत जायला एस.टी. धरणे! पाव मीटर गुडघे नीट वाकवून मिळते, मागून सरकत येण्याच्या साध्या पद्धतीने मिळते, गोळा पंचेचाळीसच्या नादात फार वर न उडवता थोडा सपाट ढकलून मिळते. गिरकी नीट बसायला हंगाम जातो, कधी दोन. तेवढा वेळ त्याने लेखी परीक्षेला द्यावा. ती १०० गुणांची आहे. भरतीच्या दिवशी फाऊल झालेली फेक कितीही सुंदर असली तरी तिचे गुण शून्य.

हे ऐकून मुलाचे तोंड उतरले, हे लपवत नाही. त्याला खेळाडू व्हायचे असते तर आमचे उत्तर वेगळे आले असते. वय विशीच्या आत, उभ्याने चांगला लांब गोळा जातोय, शिकवायला जाणता माणूस आहे, सिमेंटचे वर्तुळ आहे, तर जरूर शिकावी. सध्या त्याला नोकरी हवी आहे. घरालाही हवी आहे.

आता मुलगी. इथे आमचा आवाज थोडा चढला तर वाचकांनी माफ करावे. गोळा गिरकीशिवाय टाकता येतो. थाळी गिरकीशिवाय फेकणे म्हणजे पोहायला शिकवतो म्हणून काठावरच हात हलवायला लावणे. थाळीचे वर्तुळ अडीच मीटरचे, गोळ्याच्या २.१३५ मीटरपेक्षा मोठे, ते उगाच नाही. थाळी हात लांब करून फिरवली जाते, म्हणून गिरकीचा लाभ गोळ्यात कमी आणि थाळीत कितीतरी अधिक. उभ्याने फेकणाऱ्या मुलीची ताकद तिच्या प्रतिस्पर्धी मुलीपेक्षा जास्त असली तरी अंतर कमी भरणार. तीन वर्षे तिला थांबवून ठेवले, ती तीन वर्षे फुकट गेली. उभ्याची फेक पक्की करायची असते, हे खरेच. तिला दोन-तीन महिने पुरतात. पुढची पायरी सांगायची जबाबदारी मोठ्यांची असते.

सरांनी तिला आधी थाळी हातात दिलीच नाही. फक्कीची एक सरळ रेघ आखली आणि रिकाम्या हाताने त्या रेघेवरून गिरक्या घेत जायला सांगितले. डावा चवडा, उजवा चवडा, डावा. रेघ सोडायची नाही. पोरगी दहा मिनिटांत तयार झाली, तेव्हा सरांनी विचारले, "बाळ, खो-खो खेळतेस काय?" ती म्हणाली, "सर, सातवीपर्यंत खेळले." बरोबर! धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. भारतीय संघाची कर्णधार राहिलेली, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती सारिका काळे याच जिल्ह्याची. खांबाला वळसा घालताना चवड्यावर जे वळणे असते ते आमच्या पोरींच्या पायांत आधीच आहे. ते थाळीच्या वर्तुळात आणायचे एवढेच.

मग अर्धी गिरकी. वर्तुळाच्या मध्यावर उजवा पाय, डावा मागच्या बाजूला, तिथून फिरून फेक. थाळीऐवजी आधी सायकलचे जुने टायर. टायर फेकताना हात आपोआप लांब राहतो, आणि चुकून कोणाला लागले तर डोके फुटत नाही. टायर नीट जाऊ लागले तेव्हा एक किलोची थाळी. ती तर्जनीवरून सुटली पाहिजे. उजव्या हाताची थाळी वरून पाहता घड्याळाच्या काट्यासारखी फिरत जाते, तेव्हाच हवेत सपाट राहते. करंगळीकडून सुटली तर फडफडून पडते. पहिल्या तीन थाळ्या शेजारच्या तुरीत गेल्या, धाकटी चुलत भावंडे शोधत बसली. चौथी सरळ गेली. बापाने कामाचा टेप काढला. उभ्याने तिची सर्वोत्तम फेक २१ मीटरची. ही २२ मीटर ६० भरली. अर्ध्या गिरकीने, पहिल्याच दिवशी.

"बाबा, परत मोजा," ती म्हणाली. बापाने परत मोजली. तेवढीच.

आजी ओट्यावर बसून सगळे पाहत होती. तिला आम्ही कृष्णा पुनियाची गोष्ट सांगितली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ६१.५१ मीटर थाळी फेकून तिने सुवर्ण घेतले. १९५८ च्या मिल्खासिंगांनंतर राष्ट्रकुलात मैदानी खेळांचे सुवर्ण भारताला तेव्हाच मिळाले. तेव्हा ती एका मुलाची आई होती, लग्न करून सासरी नांदणारी. आजीने विचारले, "अन् सासूनं फिरू दिलं?" दिलं असणारच, आम्ही म्हणालो. आजी काही बोलली नाही, पण मुलीला पाणी नेऊन तिनेच दिले.

आपल्या राज्यातली उदाहरणेही आहेत. महाराष्ट्रातर्फे खेळणारी, मूळ बंगालच्या खेड्यातली आभा खटुआ आधी सात खेळांच्या हेप्टॅथलॉनमध्ये होती. अडथळे, उड्या, धावणे करून पाय घडले, मग गोळ्याकडे आली. मे २०२४ मध्ये तिने १८.४१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळकरी वयात सायकलवरून पडल्याने डावा हात कायमचा अधू झाला. इंजिनिअरिंग केले, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवले, भालाफेक करताना खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर टाकून रौप्य घेतले. पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला ४० वर्षांनी मिळालेले हे पदक. सुवर्णवाल्याचा गोळा १६.३८ गेला होता. इथेही सहा सेंटिमीटर.

नोकरीच्या दृष्टीनेही मुलीच्या थाळीकडे पाहावे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. तालुक्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही. वरच्या, ठरवून दिलेल्या पातळीच्या स्पर्धेत स्थान लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. आपल्या भागाला ते कार्यालय लातूरला. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र ट्रंकेत जपून ठेवा, नाव-जन्मतारीख जागच्या जागी तपासून घ्या. शुद्धलेखनाच्या एका चुकीपायी चकरा मारणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

राहिला प्रश्न वर्तुळाचा. मातीत गिरकी शिकता येत नाही, पाय फिरतच नाही. आणि इथेच आमच्या वाचक बांधवाचा व्यवसाय कामी आला. तीन कोसांवर कुठे सिमेंटचे वर्तुळ आहे का, अशी चौकशी आम्ही करत होतो, तेव्हा ते म्हणाले, "दादा, दुसऱ्याचे बंगले बांधतो, हे एवढं चाक बांधायला काय लागतंय?"

हिशेब तिथेच बसून केला. इतर गावच्या गवंडी बांधवांसाठी देतो. थाळीचे वर्तुळ आतून अडीच मीटर. त्याची लोखंडी पट्टी ७ मीटर ८५ सेंटिमीटर लांब. वेल्डिंगवाल्याकडून गोल करून घ्यावी. मधोमध खुंटी, सव्वा मीटरची दोरी, झाले वर्तुळ. काळी माती वर-खाली होते, तडा जातो, म्हणून ती खोदून काढून खाली मुरूम ठोकावा. वर चार इंच काँक्रीट. एकास दोनास चार माल धरला तर सिमेंट तीन ते साडेतीन पोती. पृष्ठभाग पट्टीच्या वरच्या कडेपेक्षा दोन सेंटिमीटर खाली आणि पाण्याच्या नळीने अगदी समपातळीत. थापीने घोटून चकचकीत करू नये, पावसात पाय घसरतो. फार खरखरीत ठेवला तर पाय फिरत नाही आणि बुटांचे तळवे महिन्यात संपतात. शेवटी झाडूचा हलका हात फिरवावा. याच वर्तुळात रंगाने २.१३५ मीटरचे दुसरे आखले की गोळ्याचा सराव होतो. बूट खाचांचे नकोत. तळवा झिजून सपाट झालेला जुना कॅनव्हासचा बूट उत्तम.

जाळीला पैसे नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. मग नियम कडक हवा. शिकणाऱ्याची थाळी कोणत्याही दिशेला सुटू शकते, बाजूलाही. फेकणारा वर्तुळात असताना बाकी सर्वांनी त्याच्या मागे, बरेच लांब उभे राहावे. लहान मुले थाळी आणायला पळतात. शेवटची थाळी पडून "चला" म्हटल्याशिवाय एकानेही पुढे जायचे नाही. एकट्याने रस्त्याच्या किंवा वस्तीच्या दिशेला फेकू नये.

परवा दुसरे पत्र आले. वर्तुळ ओतले आहे. मुलाने गिरकी सोडली. भावाने-बापाने मिळून मुरूम ठोकला, अबोला तिथेच सुटला म्हणतात. बापाने मुलीला बजावले आहे, दहा दिवस पाणी मारायचे, तोवर आत पाऊल टाकायचे नाही. ती रोज सकाळी बादलीने पाणी घालते आणि बाहेरच्या रेघेवर रिकाम्या हाताने गिरक्या घेते. तिने खाली दोन ओळी स्वतः लिहिल्या आहेत. पूर्ण गिरकीत तिचा डावा पाय उशिरा पडतो, काय करू? उत्तर सरांकडून आणले आहे. उजवा पाय टेकायच्या आधीच दोन्ही गुडघे एकमेकांजवळ आण, पाय फाकलेले राहिले की डावा उशीर करतो. आठवडाभर हेच, थाळीशिवाय, रोज चाळीस वेळा. नंतर अंतर कळव.